तोतया पेशंट

ऊर्मिला खांबेटेच्या कंबरेबद्दल हॅनोव्हरमधल्या यच्चयावत मराठी माणसाला काही ना काही मत होतं. मंडळाच्या वार्षिक सभेला एरवी कोरम जमत नसे. पण ऊर्मिलाच्या कंबरेचा विषय निघाला की दाराबाहेर सिगरेट ओढत उभे असलेलेसुद्धा आत येत. कुणी हळद सांगे, कुणी एरंडेल. कुणाच्या मामेसासऱ्यांना केरळात तेलात बुडवून काढल्यापासून ते जिने धावत चढत होते. प्रभाताई या मंडळाच्या माजी अध्यक्ष, पण त्यातला 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारत नसे. काही सांगायच्या आधी त्या चष्मा काढत, क्षणभर डोळे मिटत आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणत, "अगं, हे सगळं मनात असतं."

"असेल," ऊर्मिला म्हणे, "पण उठताना कंबर लागते, प्रभाताई."

जर्मन लोकांची तऱ्हा वेगळी. ते सल्ला देत नसत, टेर्मिन देत. तीन महिन्यांनंतरची वेळ, आणि तीन महिन्यांनी डॉक्टर स्क्रीनवर तिच्या मणक्याचे फोटो वरखाली करून म्हणत, "ओने बेफुंड." म्हणजे काही सापडलं नाही. ऊर्मिलाला वाटे, बेफुंड नावाचा कुणी गुंड आपल्या कंबरेत दडून बसलाय आणि ही शिकलीसवरलेली माणसं दर वेळी त्याच्यावाचून हात हलवत परत येतात. ठणका मात्र होता. उजव्या बाजूला कंबरेत सुरू व्हायचा, मांडीतून पोटरीत उतरायचा, थंडीत वाढायचा आणि बसलं की चेकाळायचा. शेवटच्या डॉक्टरांनी तिच्याकडे एकदाचं पाहिलं ते हे सांगायला, की फ्राऊ काम्बेट, आता याच्यासोबत जगायला शिका. इतकी वर्षं ती काय करत होती असं त्यांना वाटत होतं, कोण जाणे.

नोकरी त्यातच गेली. एका विमा कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम तिच्या स्वभावाला मानवणारं होतं. प्रश्न फक्त ते बसून करावं लागे एवढाच होता. कंपनीने वरखाली होणारं टेबल दिलं आणि त्या टेबलाचा फोटो 'आम्ही आपल्या माणसांची किती काळजी घेतो' या मथळ्याखाली छापला. फोटोत ऊर्मिला नव्हती, ती त्या दिवशी आजारपणाच्या रजेवर होती. रजा वाढत गेल्या तेव्हा एचआरच्या बाईंनी तिला आल्याचा चहा पाजला, तुमची तब्येत आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे असं सांगितलं आणि दोन्ही बाजूंच्या संमतीने वेगळं व्हायच्या करारावर तिची सही घेतली. निघताना ऑर्किडची कुंडी दिली. त्या ऑर्किडला ऊर्मिलाने मुद्दाम पाणी घातलं नाही. तरी ते फुललं.

मग घर. नवरा चारुदत्त गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. माणूस सज्जन. पण सज्जन इंजिनिअरच्या हाती बायकोचं दुखणं सापडलं की त्याचं काय होतं ते ऊर्मिलाला विचारावं. रोज संध्याकाळी बूट काढता काढता तो विचारी, "आज दहापैकी किती?"

"साडेसहा," ती पोळी लाटत सांगे. सहा सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्याला दशांश आवडत.

"काल सहा होतं," तो गंभीरपणे म्हणे आणि वाढीची कारणं शोधायला लागे. हवा, गादी, कालचं वांगं. पंधरा वर्षांची अन्वी हे सगळं कानांत इअरफोन घालून ऐके आणि जर्मनमध्ये सांगे की आईला जरा शांत सोडा. मराठी तिला सगळं समजे. उत्तर मात्र तिने बालवाडीपासून मराठीत दिलं नव्हतं.

असं सगळं चाललं असताना एका सकाळी फिजिओथेरपीच्या वेटिंग रूममध्ये, योगवर्गाची जाहिरात आणि हरवलेलं मांजर यांच्या मधोमध, ऊर्मिलाला एक चिठ्ठी लावलेली दिसली. तासाभराच्या अंतरावरच्या एका मेडिकल कॉलेजला पेशंटचं काम करायला माणसं हवी होती. विद्यार्थ्यांनी खऱ्या रुग्णांवर हात ठेवण्याआधी खोट्यांवर सराव करायचा, अशी योजना. अनुभवाची गरज नाही, असं खाली ठळक लिहिलेलं होतं. ते वाचून ऊर्मिला इतक्या जोरात फिस्सकन हसली की शेजारच्या आजोबांनी पेपर खाली घेतला. म्हणजे खोट्या पेशंटचं इथे कुणीतरी ऐकून घेणार होतं. तिने केवळ कुत्सितपणापोटी फोन केला. त्यांनी लगेच पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. खऱ्या पेशंटला कधी दिली होती?

मुलाखत घेणारे हेर (म्हणजे श्रीयुत) क्योस्टर हे पूर्वीचे नाटकातले नट. उंच, वाळलेले, दुःखी घोड्यासारखा चेहरा. त्यांनी विचारलं, "अभिनय कधी केलाय?"

"नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये," ऊर्मिला म्हणाली. "कशी आहेस विचारलं की छान आहे म्हणून सांगते."

ते हसले नाहीत. "वीस मिनिटं खुर्चीत बसता येईल?"

इथे खोटं बोलावं असं तिला वाटून गेलं. पण अशा कामासाठी खोटं बोलायचं म्हणजे स्वतःचाच अपमान. "नाही. कंबरेचं दुखणं आहे. जुनं. औषध नाही. फोटोत दिसत नाही."

आता हळद येणार, असं म्हणून ती तयारीत बसली. हेर क्योस्टरनी मान हलवली. "आल्झो, मग उभं राहून करा. पेशंट उभेसुद्धा असतात." आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. तिच्या कंबरेचा विषय कुणी इतक्या लवकर संपवल्याचं ऊर्मिलाला आठवेना. त्या भरात तिने होकार देऊन टाकला.

या हुद्द्याला जर्मनमध्ये आगगाडीएवढा लांब शब्द होता. चारुदत्तला तो फार आवडला. तो पाठ करून म्हणत राहिला. ऊर्मिलाने त्याचं भाषांतर केलं, तोतया पेशंट.

पहिली भूमिका होती पित्ताशयात खडे झालेल्या बाईची. जेवण जड झालं की उजव्या बरगडीखालून कळ निघते, खांद्यात जाते, उलटी होते. नवरा कामानिमित्त परगावी, आणि आपली आई याच वयात गेली ही भीती बाईच्या पोटात. पण ती भीती कुणी नीट विचारलं तरच सांगायची. न विचारता एक अक्षर द्यायचं नाही, हा नियमच होता. ऊर्मिलाला तो नियम बेहद्द आवडला. ती तयारी मराठीतच करायची. जर्मन डॉक्टर विचारत, टोचतं का, जळजळतं का, ओढतं का, आणि सगळ्याला शेवटी एकच 'श्मेर्त्स' म्हणून मोकळे होत. ऊर्मिलाकडे ठणका होता, कळ होती, चमक, तिडीक, सल आणि भगभग होती. खोलीत शिरायच्या आधी ती मनातल्या मनात नुसतं 'कळ' म्हणे आणि तिचा हात आपोआप बरगडीखाली जाई. स्वतःचा ठणका त्या वेळी कुठे जात नसे. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा टीव्ही चालू असावा तसा तो चालूच राही. पण इकडे पाहुणे आलेले असताना शेजाऱ्याच्या टीव्हीकडे कोण लक्ष देतं?

पहिल्याच महिन्यात तिने एका मुलीला रडवलं. लिओनी नावाची ती मुलगी लॅपटॉपमध्ये डोकं घालून एकामागून एक प्रश्न विचारत होती. शून्य ते दहा या मापात किती दुखतं, हेही विचारून झालं. वेळ संपल्यावर भूमिकेतून बाहेर येऊन आपल्याला कसं वाटलं ते सांगायचं असे. ऊर्मिला म्हणाली, "माझ्या जागी रिकामी खुर्ची असती तरी तुमचे प्रश्न हेच राहिले असते. खुर्चीने निदान तक्रार केली नसती."

मुलीचे डोळे भरले आणि ती पर्स उचलून बाहेर गेली. ऊर्मिलाला आत कुठेतरी गार वाटलं. फार जुनी खाज खाजवल्यासारखं.

हेर क्योस्टरनी तिला कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या मशीनपाशी गाठलं. "वाक्य उत्तम होतं," ते म्हणाले. "किती वर्षं सांभाळून ठेवलं होतंत?"

ऊर्मिलाने मशीनचं बटण दाबलं.

"ज्या माणसाला तुम्ही ते ऐकवलंत तो माणूस आज त्या खोलीत नव्हता. खोलीत एक घाबरलेली पोर होती. हिशोब चुकते करायचे असतील तर त्यांच्याकडे टेर्मिन घ्या. इथे नको."

ती त्या दिवशी परतीच्या गाडीत हेर क्योस्टरना मनसोक्त शिव्या देत होती. नाटकं बंद पडली म्हणून मास्तर झालेला माणूस, घोडतोंड्या, हा मला शिकवणार. एल्झ स्टेशन येईपर्यंत तिच्याकडच्या शिव्या संपल्या. मग उरलं ते हे, की त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्याचं बरोबर असणं ऊर्मिलाला कधीच पचत नसे. ती रात्रीचं न जेवता झोपली.

पुढच्या वेळी लिओनी पुन्हा समोर आली. ऊर्मिला म्हणाली, "पोटाला हात लावण्याआधी तुम्ही हात चोळून गरम केलेत, ते मला बरं वाटलं. तुम्ही स्क्रीनकडे बघत होता तेव्हा मला एक गोष्ट सांगायची होती. ती राहून गेली."

"कुठली?" लिओनीने विचारलं.

"ते तुम्ही तेव्हा विचारायचं."

मुलगी हसली. जाता जाता तिने लॅपटॉप बंद केला, उगाचच, आता त्याचा काही उपयोग नव्हता तरी. ऊर्मिलाला ते इतकं आवडलं की तिला स्वतःचीच शरम वाटली.

त्यानंतर भूमिका वाढत गेल्या. अर्धशिशीची बाई, दारू पिणं लपवणारी बाई, मुलाच्या तापाने हवालदिल झालेली आणि डॉक्टरलाच औषधं सुचवणारी आई. या आईसाठी ऊर्मिलाने प्रभाताईंना उचललं. चष्मा काढायचा, डोळे मिटायचे, आणि हळू आवाजात डॉक्टरला त्याची चूक सांगायची. भावी डॉक्टरांची गाळण उडाली. हेर क्योस्टर काचेपलीकडे उभे राहून पहिल्यांदाच हसताना दिसले.

एका सकाळी ब्लाऊजला इस्त्री करताना आपण गुणगुणतोय हे तिच्या लक्षात आलं आणि ती दचकून थांबली. सुखी माणसांबद्दल ऊर्मिलाला एकंदर तिटकारा होता. त्यातही दुखण्याने मला काय काय शिकवलं असं सांगत फिरणाऱ्यांबद्दल तर फारच. तिला दुखण्याने कुठल्या ट्रामची पायरी खाली असते एवढंच शिकवलं होतं. आणि ते कुठे गेलंही नव्हतं. एकामागून एक विद्यार्थी झाले की ती कपडे बदलायच्या खोलीत जमिनीवर पाठ टेकून, पाय खुर्चीवर ठेवून पडे. घरी आली की कोटासकट आडवी होई. काही सकाळी मोजे घालायला अन्वीला हाक मारावी लागे. तरी कामाच्या दिवशी ती गजराआधी उठे, आणि सुट्टीच्या दिवशी चिडचिड करी. याला आनंद म्हणायचं असेल तर म्हणा, असं ती स्वतःला बजावे, पण मंडळात सांगायचं नाही.

मंडळात अर्थात कळलंच. दिवाळीच्या फराळाला हॉलमध्ये प्रभाताईंनी चकली हातात धरून सगळ्यांदेखत विचारलं, "म्हणजे तुला आता दुखण्याचं रीतसर ट्रेनिंग मिळालं म्हणायचं. मग आम्ही ओळखायचं कसं गं, खरं कुठलं आणि नाटकातलं कुठलं?"

सगळे हसले. चारुदत्तही हसला. तो सभ्यपणाने हसला, पण हसला.

"सोपं आहे, प्रभाताई," ऊर्मिला म्हणाली. "नाटकातलं असतं तेव्हा समोरचा ऐकून घेतो."

मग हॉलमध्ये चिवडा चावल्याचा आवाज तेवढा येत राहिला. घरी जाताना चारुदत्त म्हणाला, "जरा जास्तच बोललीस."

जास्त बोलणं पुढच्या शनिवारी झालं, आणि ते तिच्याकडून नाही. तळघरातून धुतलेल्या कपड्यांची टोपली आणताना जिन्याच्या वळणावर तिच्या कंबरेतून अशी चमक गेली की टोपली हातातून सुटली. चादरी पायऱ्यांवर पसरल्या आणि ती कठडा धरून श्वास घेत उभी राहिली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून चारुदत्त वरून डोकावला. चेहऱ्यावर हसू होतं. "हे खरं की रिहर्सल?"

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. ऊर्मिलाला तेही माहीत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. प्रभाताईंच्या बोलण्याचं काय, ते त्या हॉलमध्येच राहिलं असतं. पण हे वाक्य तिच्या घराच्या जिन्यातून उतरून आलं होतं. ती चादरी तशाच टाकून, एकेक पायरी चढून, त्याच्या शेजारून आत गेली.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी जर्मनमध्ये बोलायला लागली. मीठ द्या, कृपया. कचरा बाहेर ठेवायचा आहे, कृपया. एकेका वाक्याला सरकारी कचेरीतला थंडपणा. चारुदत्तला पहिल्या दिवशी गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी शंका आली, आणि मग तो अगदी केविलवाणा झाला. अन्वी तेवढी खूश होती. अखेर या घरात सगळे शहाण्यासारखे बोलू लागले, असं तिचं म्हणणं. आईच्या जर्मनमधली लिंगं ती मोठ्या हौसेने दुरुस्त करी.

शेवटी एका संध्याकाळी चारुदत्त स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्याने बूट काढले होते आणि दहापैकी किती ते विचारलं नव्हतं. "मला एकदा बघू दे," तो म्हणाला.

"काय?" ती जर्मनमध्ये म्हणाली.

"तुझं काम. मी डॉक्टर होतो. तू पेशंट हो."

"कुठला पेशंट?" भाषा अजून जर्मनच.

"कंबरेचा."

हेर क्योस्टरनी तिला कंबरेची भूमिका कधीच दिली नव्हती. ऊर्मिलाने गॅस बंद केला, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "विचारा, डॉक्टर." हे मराठीत होतं, पण 'विचारा' होतं.

चारुदत्तने सवयीप्रमाणे सुरुवात केली. कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, रात्री किती, सकाळी किती, गादी कुठली. तिने प्रत्येक प्रश्नाचं विचारलं तेवढंच उत्तर दिलं. त्याचे प्रश्न संपले. तो थोडा विजयी दिसत होता. ऊर्मिला शिकवल्याप्रमाणे दोन बोटं वर करून भूमिकेतून बाहेर आली.

"मला असं वाटलं," ती म्हणाली, "की तुम्ही माझ्या मणक्याशी बोलताय. मी मध्ये उगाच उभी आहे. मला असं वाटलं की यांना यंत्र दुरुस्त करायचंय, आणि ते होत नाही म्हणून हे यंत्रावर चिडलेत."

हे कॉलेजमध्ये म्हणायला शिकवलेलं वाक्य नव्हतं. पण सुरुवात नियमाप्रमाणे होती.

चारुदत्त मग म्हणाला, "चिडलोच आहे. मला जमत नाही ना ते. मग मी काय विचारू?"

"जे तुला खरंच माहीत नाही ते."

त्याने खूप विचार केला. गिअरबॉक्सवरही इतका करत नसेल. "त्या दिवशी जिन्यात," तो म्हणाला, "मी विचारलं तेव्हा काय वाटलं?"

तिने सांगितलं, मराठीत. सगळं सांगितलं. त्यातलं बरंच त्याच्याबद्दल होतं आणि फार गोड नव्हतं. तो मध्ये एकदाही बोलला नाही. एकदा फक्त नाक शिंकरलं. त्यानंतर दहापैकी किती हा प्रश्न घरात पुन्हा कधी निघाला नाही. चारुदत्त एकदम शहाणा झाला असं मात्र नाही; पुढच्याच आठवड्यात त्याने कुठून तरी चुंबकाचा पट्टा मागवला. ऊर्मिलाने तो न उघडता परत पाठवला.

फेब्रुवारीत परीक्षा आल्या. परीक्षेच्या दिवशी एकच भूमिका दिवसभर करायची. घंटा वाजली की जुना विद्यार्थी बाहेर, नवा आत. परीक्षक कोपऱ्यात बसून यादीवर खुणा करणार. तिच्या वाट्याला आली होती रक्तदाबाची बाई. आनंदी, बडबडी, ठणठणीत. बाईला गोळ्या बंद करायच्या आहेत, कारण तिला काही होतच नाहीये. तिचं मुख्य वाक्य होतं, "पण डॉक्टर, मला तर काहीच दुखत नाही." गोळ्या तरीही का घ्यायच्या हे विद्यार्थ्याने तिला पटवून द्यायचं. आणि ही बाई बसलेली असते, असं भूमिकेत होतं. यंत्राचा पट्टा दंडाला बांधायचा म्हणून. हेर क्योस्टरनी विचारलं होतं, चालेल का. ऊर्मिला म्हणाली होती, न चालायला काय झालं.

त्या सकाळी बर्फ पडत होतं आणि तिची कंबर उठल्यापासून पेटलेली होती. दुसरी कुणी असती तर फोन करून कळवलं असतं. ऊर्मिलाने दोन गोळ्या घेतल्या, लाल स्कार्फ बांधला आणि गेली. सकाळभर ती झकास बडबडली. नातीबद्दल बोलली, समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीबद्दल बोलली. मला तर काहीच दुखत नाही, असं दर घंटेला हसून सांगितलं. ठणका पोटरीपर्यंत उतरला होता आणि पायाच्या अंगठ्याला मुंग्या येत होत्या. पण इतकं सराईत खोटं आपण कुठल्याच पार्टीत बोललो नव्हतो, या कौतुकात तिची दुपार झाली.

जेवणानंतर यान्निक नावाचा मुलगा आला. लाजाळू, कान लाल झालेले, हातातला पेन सारखा पडत होता. नमस्कार झाला, नाव विचारून झालं. तिने आपलं वाक्य म्हटलं. तो गप्प राहिला. यादीत पुढे काय आहे ते आठवत असेल असं तिला वाटलं.

"तुम्हाला उभं राहायचंय का?" त्याने विचारलं. "माझी हरकत नाही. आपण उभ्याने बोलू."

परीक्षकाने मान वर केली. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. क्षणभर ऊर्मिलाच्या तोंडात खरं उत्तर आलं. आयुष्यात इतक्या डॉक्टरांनी तिला तपासलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं तेही या पोराने, भलत्या बाईला. तिने ते उत्तर गिळलं.

"छे हो," ती हसून म्हणाली, "मला तर काहीच दुखत नाही."

तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याचा विश्वास बसला नव्हता हे उघड होतं. मग तो गोळ्यांकडे वळला, पण गडबडला, आणि अर्ध्यावर असतानाच घंटा झाली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर हेर क्योस्टर आले. ऊर्मिला जमिनीवर पाय वर करून पडली होती. आता कौतुक ऐकायला मिळणार म्हणून ती उठायच्या खटपटीत असताना त्यांनीच हाताने खूण करून तिला पडून राहायला सांगितलं.

"त्या मुलाला त्या प्रश्नाचे गुण मिळाले?" तिने विचारलं.

"नाही. यादीत नव्हता. तो पुन्हा बसेल परीक्षेला." ते भिंतीला टेकले. "तुमचं सांगतो. जेवणानंतर तुम्ही डावा हात खुर्चीच्या कडेला टेकवायला लागलात. अंगाचा भार त्याच्यावर. रक्तदाबाची बाई असा हात टेकवत नाही."

"मला दुखत होतं," ऊर्मिला म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. तुम्हाला दुखत होतं. तिला नव्हतं." त्यांचा घोड्यासारखा चेहरा नेहमीइतकाच दुःखी होता. "दुखत असेल तर सकाळी फोन करा, मी उभं राहायची भूमिका देईन. ते माझं काम. पण खुर्चीत बसलात, तर मग ती बाई पूर्ण हवी. उद्या वेळेवर या."

ते गेले. छताकडे पाहत पडलेल्या ऊर्मिलाच्या अंगाची लाही लाही झाली. जन्मभर दुखणं दिसत नाही म्हणून ऐकून घेतलं, आणि आता दिसलं म्हणून ऐकायचं. पण दुसऱ्याच मिनिटाला तिच्या लक्षात आलं की आपला राग या अन्यायाचा नाहीच. आपला राग हाताचा आहे. इतकी चोख बाई उभी केली, आणि एका हाताने घात केला. त्या पोराने आपल्याला ओळखलं यात तिला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही होता. पण त्याच्या कितीतरी वर हे होतं, की अभिनय कच्चा पडला.

गाडीत बसायची सोय नव्हती, म्हणजे जागा होती पण कंबर तयार नव्हती. ती दाराशी उभी राहिली आणि भूमिका पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागली. भार कुठे टाकायचा? टाचेवर टाकला तर? टाच टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही. हात मांडीवर, मोकळा, बोटं वाजवत. बडबड्या बाया बोटं वाजवतात. "मला तर काहीच दुखत नाही," ती दारातल्या काचेला हसून म्हणाली. शेजारी उभा असलेला गृहस्थ आपली सायकल घेऊन पुढच्या डब्यात गेला.

घरी चारुदत्तने मुगाची खिचडी टाकली होती. "कसं झालं?" त्याने विचारलं.

"नापास," ऊर्मिला म्हणाली. तिने कोट काढला नव्हता. "खुर्ची आण. ती नको, बिनहाताची. तू डॉक्टर. माझ्या डाव्या हातावर लक्ष ठेव. टेकवला की सांग."

"आधी पड जरा. चेहरा बघ तुझा."

"पडते नंतर. बस."

तो बसला. अन्वी खोलीतून डोकावली, आई पुटपुटत असलेलं भूमिकेतलं जर्मन वाक्य ऐकलं, आणि त्यातला एक प्रत्यय चुकलाय असं सांगून फ्रिजला टेकून बघत उभी राहिली. ऊर्मिलाने स्कार्फ नीट केला, टाच खुर्चीखाली रोवली. कंबरेतून पोटरीपर्यंत सगळं ठणकत होतं. तिने तोंडभर हसून डॉक्टरकडे पाहिलं आणि नातीच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली.

"हात," चारुदत्त म्हणाला.

तिने हात उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कुकरची वाफ गेली, खिचडी निवली. तिसऱ्यांदा 'हात' म्हटल्यावर ऊर्मिलाने त्याला एक अस्सल पुणेरी शिवी दिली. अन्वीने तिचा अर्थ जर्मनमध्ये विचारला. कुणीच सांगितला नाही.